मुलांच्या वतीनें

संसार म्हटला म्हणजे घर हवें, आणि घर म्हटलें म्हणजे त्याच्या पायाखालीं जमीन हवी, अशी आपली सर्वांची सहज समजूत असते. ही समजूत बाजूस ठेवून शिडाच्या होडींतच बिऱ्हाड थाटणारीं कुटुंबें पाश्चात्य देशांत आज थोडींथोडकीं नाहींत. चाळीस फूट लांबीच्या जागेंत शेगडी, निजावयाच्या फळ्या, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, नकाशे आणि मुलांच्या वह्या दाटीवाटीनें बसवून तीं वर्षेंच्या वर्षें समुद्रावर काढतात. कोणी नोकरीला कंटाळून निघालेले असतात, कोणी घरदार विकून. कोणास जग पाहावयाचें असतें, तर कोणास मुलांचें बालपण कचेरी आणि शाळा यांच्या घड्याळांतून सोडवावयाचें असतें. त्यांच्या हेतूंची थट्टा करण्याचा आमचा मुळींच उद्देश नाहीं. परंतु त्यांच्या प्रवासांत एक स्थळ असें येतें कीं, तेथें एक जुना नैतिक प्रश्न अगदीं उघडा पडतो. आणि तो प्रश्न केवळ त्यांचा नसून, ज्यांनीं जन्मांत शिडाच्या होडींत पाऊल टाकलें नाहीं अशा आमच्यासारख्या गृहस्थांचाही आहे, असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

तें स्थळ म्हणजे पनामाचा कालवा. १५ ऑगस्ट १९१४ रोजीं खुला झालेला हा सुमारें ८० किलोमीटरांचा जलमार्ग अटलांटिक व पॅसिफिक या दोन महासागरांमधली जणूं वेसच आहे. पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या होड्या अटलांटिकच्या बाजूस कोलोन बंदराजवळ नांगर टाकून आपली पाळी येण्याची वाट पाहत राहतात. ही वाट पाहणें म्हणजे स्वस्थ बसणें नव्हे. कालव्याच्या कचेरींतील माणूस येऊन होडी मोजतो. इंजिन पुरेशा वेगानें चालेल कीं नाहीं हें विचारतो, कारण कालव्यांतून शिडांवर जाण्याची परवानगी नाहीं. मग कर भरावयाचा व तारीख मिळवावयाची. प्रत्येकीं १२५ फूट लांबीचे चार भक्कम दोर आणावयाचे. काँक्रीटच्या भिंतीवर अंग खरचटूं नये म्हणून जुने टायर प्लास्टिकमध्यें गुंडाळून होडीच्या दोन्ही बाजूंस टांगावयाचे. मार्ग सांगण्यास जो सल्लागार होडीवर यावयाचा त्याच्या जेवणाची व पिण्याच्या पाण्याची तजवीज करावयाची. सुकाणूवरच्या माणसाखेरीज चार दोरांस चार धडधाकट माणसें लागतात. नवराबायको दोघेंच असलीं तर उरलेलीं माणसें पुष्कळदां शेजारच्या होड्यांतून येतात. आज तुम्ही आमचा दोर धरा, उद्यां आम्ही तुमचा धरूं, अशी ही इर्जिकच असते. लहान मुलांची गणना मात्र या चौघांत होत नाहीं. होडी त्यांचीही घरच असते, परंतु दोर त्यांच्या हातीं नसतो.

कालव्याची रचना वाचकांस ठाऊक असेलच. ज्यांस इंग्रजींत लॉक म्हणतात ते जलपाश, म्हणजे दोन्हीं टोकांस दारें असलेले पाण्याचे प्रचंड हौद, ओलांडीत गलबतें पायरी पायरीनें वर चढतात व पलीकडे तशींच उतरतात. गातून येथें तीन पायऱ्यांनीं होडी समुद्रसपाटीपासून सुमारें २६ मीटर वर नेली जाते. तेथें चाग्रेस नदी अडवून केलेल्या सरोवरांत लहान होड्या बहुधा रात्र काढतात. दुसऱ्या दिवशीं पेद्रो मिगेल येथें एक व मिराफ्लोरेस येथें दोन पायऱ्या उतरून त्या पॅसिफिकच्या पाण्यांत येतात. हौद भरण्यास पंप लागत नाहीं. वरच्या सरोवराचें पाणी आपल्याच वजनानें खालीं येतें आणि अजस्र जहाजाबरोबर चिमुकल्या होडीसही उचलतें.

हें सर्व कौतुकाचें आहे. पण तांडेलाच्या मनांत त्या वेळीं निराळेंच कांहीं चाललेलें असतें. कालव्याच्या अलीकडे जो प्रवास होतो तो बेटाबेटांच्या आश्रयानें. पलीकडे मार्केसस बेटें जवळजवळ ४,००० सागरी मैलांवर आहेत. तिकडे जातांना वारा व प्रवाह पाठीशीं असतात. म्हणूनच त्याच वाटेनें परत फिरणें फार कठीण असतें. जलपाशाचें दार पाठीमागें मिटतें तेव्हां प्रवासाचा एक भागच नव्हे, तर विचार बदलण्याची सोयही बरीचशी मिटते. याकरितां कोलोनच्या बंदरांतील ते आठ-पंधरा दिवस हे दोरांच्या तयारीचे तसेच मनाच्या तयारीचेही असतात. आईबापांनीं आपला जीव आपल्या जबाबदारीवर समुद्रास दिला तर तो त्यांचा प्रश्न. परंतु खालच्या फळीवर जीं दोन पोरें झोंपलीं आहेत, त्यांस या वाटेनें नेण्याचा अधिकार त्यांस कोणीं दिला?

आगरकरांच्या पिढीपासून ज्या मिल्लचें नांव आपल्या सुशिक्षितांच्या परिचयाचें आहे, त्यानें आपल्या स्वातंत्र्यावरील १८५९ सालच्या निबंधांत हा प्रश्न वाटेंतून दूर केला, सोडविला नाहीं. स्वातंत्र्याचें तत्त्व प्रौढ बुद्धीच्या माणसांनाच लागू. मुलांचें रक्षण इतरांनीं करावयाचें, असें तो सांगतो. ठीक आहे. पण रक्षण करणारे आणि स्वातंत्र्य भोगणारे हे एकच असले म्हणजे काय करावयाचें? बापाचें स्वातंत्र्य आणि मुलाचें संरक्षण हीं दोन्हीं एकाच होडींत बसलीं, आणि सुकाणू बापाच्या हातीं आहे, अशी ही स्थिति आहे.

या प्रश्नास जीं उत्तरें सामान्यतः देण्यांत येतात त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिलें उत्तर असें कीं, धोका कोठें नाहीं? शहरांतल्या रस्त्यावर मूल मोटारीखालीं सांपडतें, विहिरींत पडतें, तापानें जातें. मग समुद्रालाच कां दोष द्यावा? या उत्तरांत सत्याचा अंश आहे, परंतु तो उत्तर देणाऱ्यास वाटतो त्याहून निराळा आहे. रूढीनें पदरांत टाकलेला धोका आपणांस दिसत नाहीं आणि स्वतः होऊन निवडलेला धोका मात्र डोळ्यांत भरतो, एवढेंच तें सांगतें. हाच कालवा खणण्यासाठीं अमेरिकनांच्या अमदानींत एकट्या बार्बाडोस बेटांतून सुमारें २०,००० मजूर करारानें नेण्यांत आले. त्या दहा वर्षांत अपघातांनीं व रोगांनीं कामावरचीं ५,६०९ माणसें मेल्याची नोंद आहे. त्या मजुरांच्या मागेंही मुलें होतीं, आणि बाप निघाला तेव्हां त्यांचेंही भवितव्य पणास लागलें होतें. परंतु त्या बापांस, तुम्हांस अधिकार काय, असें विचारण्याचें धैर्य कोणास होणार नाहीं. कारण भूक प्रश्न विचारूं देत नाहीं. उलट, ज्याचें पोट भरलेलें आहे आणि जो केवळ मनाच्या ओढीनें निघाला आहे, त्याला प्रश्न विचारला जातो, आणि विचारला जावा हें योग्यच आहे. गरजेच्या मागें लपण्याची सोय त्याला नाहीं.

परंतु येथेंच आम्हांस आपल्याही घराकडे पाहावें लागतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं बढतीची जागा मिळाली म्हणून आम्हीं कोंकणांतलें घर बंद केलें व बिऱ्हाड शहरांत आणिलें. भुकेनें नव्हे, पूर्वींच्या पगारांत चाललें नसतें असें नाहीं. आमचा मुलगा त्या वेळीं आठ वर्षांचा होता. त्याची खाडी, त्याचे सोबती, पडवींत निजणारी त्याची आजी हें सर्व एका जून महिन्यांत सुटलें. तो आतां स्वतः बाप आहे. मध्यंतरीं जेवतांना सहज बोलणें निघालें असतां तो म्हणाला कीं, त्या वेळीं मला कोणी विचारलें नव्हतें. आम्ही ताबडतोब उत्तर दिलें कीं, तें सारें तुझ्या शिक्षणासाठींच तर केलें. तो हंसला व त्यानें विषय बदलला. त्या हंसण्यानें आम्हांस पुष्कळ रात्री विचार करावयास लाविलें आहे. समुद्रावरचें कुटुंब जें करतें तें आपण सर्वच करीत असतों. फरक इतकाच कीं, त्यांच्या बाबतींत दार मिटतांना दिसतें, आपल्या बाबतींत दिसत नाहीं.

दुसरें उत्तर संमतीचें आहे. आम्हीं मुलांस विचारलें होतें, तीं आनंदानें हो म्हणालीं, असें पुष्कळ आईबाप सांगतात. या हो म्हणण्याची किंमत काय, हें डूगल रॉबर्टसन याच्या कुटुंबाच्या हकीकतीवरून पाहण्यासारखें आहे. पूर्वीं दर्यावर्दी असलेला हा गृहस्थ इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत दूधदुभत्याची शेती करीत होता. जगप्रदक्षिणेच्या शर्यतीची बातमी रेडिओवर चालली असतां जुळ्या मुलांपैकीं एकानें, आपले बाबा तर खलाशी आहेत, मग आपणच कां जाऊं नये, असें विचारलें, आणि तेथून या बेताचें बीज पडलें, असें त्यानें आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे. शेत विकून घेतलेल्या ल्यूसेट नांवाच्या गलबतांतून १९७१ सालीं तें कुटुंब निघालें. पनामाचा कालवा ओलांडून तीं पॅसिफिकमध्यें आलीं. आणि १५ जून १९७२ रोजीं, गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेस, शिकारी देवमाशांच्या धडकांनीं गलबत पाहतां पाहतां बुडालें. नवराबायको, मोठा मुलगा, तीं जुळीं मुलें व पनामांत बरोबर आलेला एक तरुण विद्यार्थी अशीं सहा माणसें हवेच्या तराफ्यांत व एका चिमुकल्या डोंगींत पावसाचें पाणी पिऊन आणि कांसवें मारून ३८ दिवस जगलीं. शेवटीं एका जपानी मासेमारी जहाजानें त्यांस उचललें. सहाही जण वांचलीं.

आतां त्या मुलाच्या चिमुकल्या वाक्यास संमति म्हणावयाचें काय? त्यानें जगप्रदक्षिणा या शब्दास होकार दिला होता. अडतीस दिवसांच्या तहानेस दिला नव्हता, आणि देणें त्याच्या आवाक्यांतलेंही नव्हतें. आईबापांचे डोळे कशानें चमकतात हें मुलांस फार लवकर कळतें, आणि तो चमकणारा डोळा पुन्हां पाहण्यासाठीं तीं कशासही हो म्हणतात. म्हणून मुलाचा होकार हा पुष्कळदां आपल्याच इच्छेचा प्रतिध्वनि असतो. त्यास पुरावा म्हणून पुढें करणें म्हणजे आपण लिहिलेल्या कर्जरोख्यावर मुलाचा अंगठा उठवून घेणें होय. रॉबर्टसन कुटुंबांतील थोरली मुलगी मात्र वाटेंत बहामा बेटांत उतरून राहिली. ती प्रौढ होती, आणि तिला वेगळी वाट धरतां आली. तिचें उतरणें हें जुळ्या भावांच्या होकारापेक्षां अधिक बोलकें आहे. या गोष्टीकडे पुढें पुन्हां येऊं.

तिसरें उत्तर फळाचें. मुलें धीट होतात, स्वावलंबी होतात, नाना देशांच्या लोकांत मिसळतात. मोठेपणीं तीं आपले आभारच मानतील, असें म्हणण्यांत येतें. कित्येक मानतातही. परंतु सुझॅन हेवूड या इंग्रज बाईनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'वेव्हवॉकर' या आत्मकथेंत दुसरी बाजू मांडली आहे. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीच्या मार्गानें जावयाचें म्हणून १९७६ सालीं तिचे वडील कुटुंबासह प्लिमथहून निघाले, तेव्हां ती सात वर्षांची होती. सफर तीन वर्षांची असें सांगण्यांत आलें होतें. ती जवळजवळ दहा वर्षें चालली. हिंदी महासागरांत एका प्रचंड लाटेनें होडी झोडपली, त्यांत या मुलीची कवटी फुटली, आणि एका एकाकी बेटावर भूल दिल्याशिवाय तिच्या डोक्यावर एकाहून अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. तथापि तिच्या पुस्तकांतला सल केवळ त्या लाटेचा नाहीं. शाळा नाहीं, बरोबरीच्या मैत्रिणी नाहींत, आणि उतरूं म्हटलें तर उतरण्याची वाट नाहीं, हें तिचें खरें गाऱ्हाणें आहे. पत्रद्वारा अभ्यास करून ती पुढें ऑक्सफर्डपर्यंत पोंचली. यावरून कोणी म्हणेल कीं, पाहा, फळ तर उत्तमच आलें! परंतु पीक चांगलें आलें म्हणून दुसऱ्याच्या शेतांत न विचारतां केलेली पेरणी न्याय्य ठरत नाहीं. रॉबर्टसन कुटुंब वांचलें म्हणून त्यांचा निर्णय बरोबर ठरत नाहीं, आणि तें बुडालें असतें तर तेवढ्यानेंच तो चूकही ठरला नसता. फळ दैवाच्या हातीं असतें. निर्णय मात्र त्यापूर्वींच, बंदरांतच, पूर्ण झालेला असतो.

चौथें उत्तर असें कीं, आईबापांवर विश्वास नसेल तर सरकारनें मध्यें पडावें. हें नवें नाहीं. इंग्लंडांतील देशांतर्गत कालव्यांवर मालाच्या होड्यांतच संसार करणाऱ्या कुटुंबांसाठीं १८७७ व १८८४ सालीं कायदे झाले. होडींत किती माणसांनीं राहावें यावर मर्यादा आली आणि मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी ठरविण्यांत आली. त्यापासून मुलांचें हितच झालें असेल. परंतु सरकारच्या हाताची मर्यादा दुसऱ्या एका प्रकरणांत दिसून येते. लॉरा डेकर ही डच मुलगी आईबापांच्या सागरी प्रवासांत, न्यूझीलंडमध्यें, जन्मली. तेरा-चौदाव्या वर्षीं तिनें एकटीनें जगप्रदक्षिणा करण्याचा हट्ट धरिला, तेव्हां २००९ सालीं डच न्यायालयानें तिच्यावर देखरेख बसविली. २०१० च्या जुलैमध्यें ती उठविण्यांत आली. मुलगी निघाली, पनामाचा कालवाही ओलांडून गेली, आणि जानेवारी २०१२ मध्यें सोळाव्या वर्षीं तिनें प्रदक्षिणा पुरी केली. येथें प्रश्न उलटा झाला. मुलांचा होकार कवडीमोल मानावा तर खरोखर मनापासून मागणाऱ्या मुलाचेंही तोंड बंद होतें. सरकार होडीची मजबुती तपासील, शिक्षण मिळतें कीं नाहीं हें पाहील. पण ओढ कोणाची आहे, मुलाची कीं बापाची, हें तोलण्याचा तराजू कोणत्याही कचेरींत नाहीं. शेवटीं प्रश्न घरांत परत येतोच.

मग आमचें म्हणणें काय? तें सांगण्यापूर्वीं आपल्याच वाङ्मयांतील एका फार जुन्या कथेची आठवण करून देतों. ऐतरेय ब्राह्मणांत शुनःशेपाचें आख्यान आहे, आणि योगायोगानें त्यांतही देव जलांचा अधिपति वरुणच आहे. पुत्र झाल्यास तो तुलाच अर्पण करीन, असें वचन हरिश्चंद्र राजानें वरुणास दिलें; म्हणजे मूल जन्मण्यापूर्वींच बापानें त्याच्या वतीनें करार केला. रोहित मोठा झाला व तो करार ऐकतांच धनुष्य घेऊन रानांत निघून गेला. तेथें त्यास अजीगर्त नांवाचा उपाशी ब्राह्मण भेटला. त्याचे तीन मुलगे. थोरल्यास बाप सोडीना, धाकट्यास आई सोडीना. मधला शुनःशेप शंभर गाईंस विकला गेला. पुढें त्यास यूपास बांधावयास कोणी धजेना, तेव्हां आणखी शंभर गाई घेऊन बापानें त्यास बांधलें. वध करण्यास कोणी धजेना, तेव्हां आणखी शंभर घेऊन बाप शस्त्र परजीत पुढें झाला. देवतांच्या स्तवनानें मुलगा सुटला. मग बाप म्हणूं लागला कीं, माझा मुलगा मला परत द्या. पण शुनःशेप विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला तो बसलाच.

या कथेंतील तीनशें गाईंचा हिशेब मार्मिक आहे. पहिल्या शंभरांस उपासमारीची सबब होती. दुसऱ्या व तिसऱ्या शंभरांस नव्हती. बहुतेक आईबापांचें पाप, तें असेलच तर, पहिल्या शंभरांत नसतें. निघतांना हेतु चांगला असतो, अवधि ठरलेला असतो, डोळ्यांपुढें मुलांचें हितही असतें. चूक होते ती पुढें. तीन वर्षांचीं चार होतात, चारांचीं सात होतात. मूल तोंडानें बोलत नाहीं पण वागण्यानें सांगत असतें कीं, आतां पुरे. आणि आपण पहिल्या शंभरांची सबब दुसऱ्या शंभरांस लावीत राहतों.

आम्हांस वाटतें तें असें: मुलांसाठीं निर्णय घेणें यांत अन्याय नाहीं. तो टाळतांच येत नाहीं. न निघणें हाही निर्णयच आहे, आणि बंदराच्या कांठावर जन्मभर बांधून ठेवलेल्या मुलासही कोणीं विचारलेलें नसतें. अन्याय होतो तो निर्णय आपण घेऊन त्याची नोंद मुलांच्या नांवावर करण्यांत. 'हें सारें तुमच्यासाठींच केलें' हें वाक्य आईबापांच्या तोंडीं जितकें गोड तितकेंच बहुधा खोटें असतें. ज्याच्यासाठीं केलें त्याच्यावर उपकाराचें ओझें बसतें. आणि उपकृतास तक्रार करण्याचा हक्क उरत नाहीं. आपल्या इच्छेचें कर्ज अशा रीतीनें मुलाच्या खात्यावर चढवून आपण मोकळे होतों. प्रामाणिक बापानें म्हणावें कीं, हें मला हवें होतें. त्यांत तुझेंही भलें होईल असें मला वाटलें. वाटण्यांत चूक झाली असेल तर ती माझी. एवढें म्हणतांच ऋणको व धनको आपापल्या जागीं येतात. मूल धनको होतें, आणि धनकोस हिशेब मागण्याचा अधिकार असतो.

या भूमिकेंतून तीन गोष्टी ओघानेंच निघतात. पहिली, मुलांस ज्या धोक्यांत घालावयाचें त्यांत आपण स्वतः असलेंच पाहिजे. होडींतील आईबापांच्या बाजूनें हें मोठेंच सांगणें आहे, कारण बुडावयाचें तर सर्वांनीं बुडावयाचें असतें. अजीगर्ताच्या हातीं शस्त्र होतें आणि मान मुलाची होती. दुसरी, जो अवधि सांगितला तो पाळावा, किंवा तो संपतांच प्रश्न पुन्हां पहिल्यापासून विचारावा, आणि या खेपेस नकाराचें वजन होकाराहून अधिक धरावें. कारण होकार आपणांस खूष करण्यासाठीं दिलेला असूं शकतो, नकार तसा नसतो. तिसरी, उतरण्याची वाट मोकळी ठेवावी व तिचा खर्च आपण सोसावा. रॉबर्टसनांच्या मुलीस बहामांत उतरतां आलें. हेवूड बाईंस वर्षानुवर्षें उतरतां आलें नाहीं. दोन्ही कुटुंबांवर समुद्रानें सारखाच घाला घातला, पण मुलांच्या दृष्टीनें त्या दोन सफरी एक नव्हत्या.

यावर कोणी म्हणेल कीं, कित्येक निर्णय मुळांतच परत फिरविण्यासारखे नसतात; गेलेलें बालपण, तुटलेली भाषा, मेलेली आजी परत कोठून आणावयाची? हें खरें आहे, आणि याला आमच्यापाशीं तोडगा नाहीं. मात्र जें परत देतां येत नाहीं तें घेतलें असें कबूल करणें तरी आपल्या हातीं असतें. आणि मोठ्या झालेल्या मुलास पुष्कळदां तेवढेंच हवें असतें.

कालव्यांतून जाणाऱ्यांस सल्लागार एक गोष्ट पुन्हां पुन्हां सांगतो. गातूनला चढतांना पाणी खालून उसळत येतें. त्या वेळीं चारही दोर सतत ओढून घेत राहिलें पाहिजे, नाहींतर होडी भिंतीवर आपटते. मिराफ्लोरेसला उतरतांना याच्या अगदीं उलट. पाणी खालीं जातें तसतसा दोर सोडीत गेलें पाहिजे, आणि जो धरूनच बसतो त्याची होडी दोरास लोंबकळूं लागते. धरणें आणि सोडणें हीं दोन्हीं एकाच माणसाचीं, एकाच दोराचीं कामें आहेत. पाणी कोणत्या बाजूनें चाललें आहे एवढें पाहावयाचें असतें.

कोलोनच्या बंदरांत आज रात्रीं एखाद्या होडीवर दोर वेटोळीं करून ठेवलेले असतील, टायर टांगलेले असतील, उद्यांच्या पाहुण्यांसाठीं भाजी चिरून ठेवलेली असेल. खालीं फळीवर मूल झोंपलें असेल, किंवा झोंपेचें सोंग घेऊन आईबापांचें बोलणें ऐकत असेल. त्यांनीं जावें कीं जाऊं नये, हें येथून सांगणें आमचें काम नाहीं. गेलीं तर वारा त्यांस अनुकूल असो. फक्त पुढें केव्हां तरी तें मूल विचारील, तेव्हां 'तुझ्यासाठीं' हा शब्द त्यांच्या तोंडीं न येवो.

आमच्या तोंडीं तो आला होता. मुलगा येत्या सुटींत येणार आहे. या वेळीं त्यानें विषय काढला नाहीं तरी आम्ही स्वतः होऊन काढूं, आणि सांगूं कीं, तुला विचारलें नव्हतें हें खरें. विचारावयास हवें होतें. आणि ती बढती आमची होती.